लिंडनरशेजारची रिकामी जागा

गवत कापायचं यंत्र घुरघुरलं, खोकलं आणि गप्प झालं, तेव्हा लोव्हिना रोमिगनं वर आभाळाकडे पाहिलं. प्रार्थनेसाठी नव्हे. शिवी अगदी ओठावर आली होती, आणि देवाच्या शेतात उभं राहून शिवी द्यायची नाही हे बापानं तिला चौथ्या वर्षी शिकवलं होतं. म्हणून ती नुसता श्वास सोडत राहिली, उकळत्या किटलीसारखी.

यंत्र आडवं पाडून तिनं पात्यात हात घातला. आत गुंडाळी होऊन बसली होती गिटारीची पोलादी तार. ही सहावी. या उन्हाळ्यातली सहावी नव्हे, या सकाळची.

एलिम गावात दफनभूमीला देवाचं शेत म्हणतात. पेरलंय, उगवेल, घाई कसली, असा त्यात भाव. या शेतात दगड उभे नाहीत. सगळे आडवे, मातीला पाठ टेकून पडलेले, आणि सगळे एका मापाचे. गिरणीचा मालक असो नाहीतर गिरणीतला हमाल, दगडाला दगड सारखा, गवताला गवत सारखं. इथं नवरा-बायकोसुद्धा शेजारी नाहीत. लग्न झालेले पुरुष एका अंगाला, लग्न झालेल्या बायका दुसऱ्या अंगाला, कुमार निराळे, कुमारिका निराळ्या. आणि त्यातही जो ज्या क्रमानं गेला त्या क्रमानं. आज हा, उद्या तो. जगात कुठल्याही रांगेत माणूस मध्ये घुसेल, या रांगेत घुसता येत नाही.

ट्राउगॉट लिंडनर या रांगेतलाच एक. सॅक्सनीहून बोटीनं आलेला, खालच्या गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांत गिटारी करणारा. हयातीत गावाला त्याच्याविषयी सांगण्यासारखं एवढंच होतं की तो उपासनेला वेळेवर येई आणि त्याच्या सरसाच्या भांड्याचा वास शेजाऱ्यांच्या रश्शात उतरे. १८७१ साली तो गेला. पुढची शंभर वर्षं त्याला कुणी विचारलं नाही. मग कधीतरी लांब कुठल्यातरी शहरात कुणीतरी दुरुस्तीसाठी एका जुन्या गिटारीचं पोट उघडलं, आतल्या पट्टीवर लिंडनरचा शिक्का दिसला, आणि शहाणीसुरती माणसं वेडी झाली. असा आवाज म्हणे पुन्हा कुणाच्या हातून उतरला नाही.

तेव्हापासून एलिममध्ये यात्रा सुरू झाली. येणारे दगडावर गिटार वाजवायच्या नख्या ठेवत, तारा ठेवत, चिठ्ठ्या ठेवत. एक फिनलंडचा गडी भर पावसात दोन तास वाजवत बसला आणि मग न्यूमोनियासाठी लोव्हिनाकडूनच इस्पितळाचा पत्ता घेऊन गेला. फोटो काढताना सगळे हटकून शेजारच्या बाजूला उभे राहत, कारण तिथं दगड दिसत नव्हता, नुसतं गवत होतं.

"अहो, त्यानं जन्मभर आतड्याची तात लावली गिटारीला," लोव्हिना तारेला म्हणाली, कारण ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. "पोलादी तार त्यानं डोळ्यांनी पाहिली नव्हती. श्रद्धा ठेवायची तर निदान चौकशी करून ठेवा की!"

"अगदी बरोबर! मीही माझ्या भाषणात नेहमी हेच सांगतो."

लोव्हिनानं डोळे मिटले. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. लिंडनर-प्रेमी मंडळाचे अध्यक्ष रॉयस पेटीबोन ओहायोहून आले होते. निवृत्त दंतवैद्य. अडतीस वर्षं तोंडात कापूस कोंबलेल्या माणसांशी बोलून बोलून समोरचा उत्तर देऊ शकतो ही कल्पनाच त्यांच्या डोक्यातून गेली होती. त्यांच्या हातात मोजपट्टी होती आणि मागे गावच्या चर्चच्या मंडळीचे तरुण पाळक, डॅरिल कूंझ. कूंझ यांचा स्वभाव इतका गोड की आग आणि बंब दोघांनाही ते एकाच वेळी आशीर्वाद देत.

"भगिनी लोव्हिना," पाळक म्हणाले, "मिस्टर पेटीबोन यांची एक सुंदर योजना आहे."

"तुमच्या सुंदर योजनेनं मागच्या वर्षी माझ्या नळाची तोटी तुटली."

"ते कारंजं होतं. हे वेगळं आहे."

पेटीबोननी कागद उलगडला. त्यावर एक गिटार काढली होती. काळ्या ग्रॅनाईटची, उभी, नऊ फूट.

"लिंडनरच्या दगडाला हातही लावायचा नाही," ते म्हणाले. "शेजारची ही रिकामी जागा आहे ना, इथे चौथरा. भोवती साखळी. खर्च सगळा मंडळाचा. मंगळवारी तुमच्या वडिलांच्या सभेत मतदान आहे."

"माझ्या वडिलांच्या?"

"मंडळीतल्या ज्येष्ठांच्या," पाळक घाईनं म्हणाले. "आणि सांगायचं तर बऱ्याच जणांना पसंत आहे."

लोव्हिनानं तार पँटच्या खिशात कोंबली. एकवीस वर्षं ती या शेताची राखणदार होती. त्याआधी चौतीस वर्षं तिचा बाप. इथं कुणी मोठा नाही आणि कुणी धाकटा नाही, एवढी एकच गोष्ट या दोघांनी पंचावन्न वर्षं गवत कापून, दगड उचलून, फुलांची उभी सजावट हटवून सांभाळली होती. त्यात आता नऊ फूट.

"ती जागा रिकामी नाही," ती म्हणाली.

"दगड कुठे आहे मग?"

"खाली गेलाय."

"खाली म्हणजे?"

"दगड बुडतात, मिस्टर पेटीबोन. पाण्यात बुडतात तसे गवतातही बुडतात. जरा सावकाश बुडतात, एवढंच. माझ्याकडे एकोणीसशे दगड आहेत आणि हात दोन. वर्षाला चाळीस वर काढते. आमच्या रांगेत मध्ये जागा सोडत नाहीत. इथं कुणीतरी भाऊ निजलाय, आणि तुमची माणसं गेली वीस वर्षं त्याच्या छातीवर उभं राहून हसताहेत."

"कोण भाऊ?"

हे तिला ठाऊक नव्हतं. तेच तिला लागलं.

"भगिनी लोव्हिना म्हणतात ते खरं असेल," पाळक म्हणाले, "आणि मिस्टर पेटीबोन म्हणतात तेही..."

"दोन्ही कसं खरं असेल हो? एक तर माणूस आहे, नाहीतर नाही!"

"दाखवा तर मग," पेटीबोन शांतपणे म्हणाले. रुग्णाला 'आ करा' म्हणावं तसं.

*

दुपारी तिनं टोकदार लोखंडी गज घेतला आणि गवतात खुपसत गेली. माती, माती, मूळ, माती. मग ठक्क. हा आवाज तिला भाकरीच्या वासाइतका ओळखीचा होता. कुदळीनं तिनं गवताची गादी सोलली, वीतभर खाली गेली, ओल्या फडक्यानं पुसलं, बारीक ब्रशनं अक्षरांतली माती काढली. एकेक अक्षर झोपेतून उठल्यासारखं वर आलं.

याकोब श्नाल. मृत्यू ९ फेब्रुवारी १८७१.

"सापडलास रे बाबा!" ती मोठ्यानं म्हणाली. "माफ कर. उशीर झाला."

तिला वाटलं, संपलं. मंगळवारी जायचं, हे दाखवायचं, नऊ फूट ग्रॅनाईट ओहायोला परत. ती कंबर धरून उठली आणि उठता उठता सहज तिची नजर शेजारच्या दगडावर गेली. ट्राउगॉट लिंडनर. मृत्यू २ नोव्हेंबर १८७१.

ती तशीच अर्धी वाकलेली राहिली.

फेब्रुवारीत गेलेला माणूस नोव्हेंबरात गेलेल्याच्या नंतर कसा? या रांगेत असं होत नाही. जगात होत असेल, इथं नाही.

मंडळीच्या कचेरीत जुनं मृत्यूबुक होतं. तिनं त्या रांगेचं पान काढलं. चारशे सोळा, लोहार. चारशे सतरा, याकोब श्नाल, झाडू बांधणारा. चारशे अठरा, ट्राउगॉट लिंडनर. चारशे एकोणीस, शाळामास्तर. बुकात शंकेला जागा नव्हती. जमिनीवर मात्र लोहारानंतर लिंडनर, मग श्नाल, मग मास्तर. माणसं जागच्या जागी होती. दगड बदलले होते.

म्हणजे इतकी वर्षं जगभरच्या लोकांनी नख्या वाहिल्या त्या झाडूवाल्याला. आणि ज्याच्या छातीवर उभं राहून फोटो काढले तो लिंडनर. आणि पेटीबोननी ज्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं होतं, तिथंच, बरोब्बर तिथंच, त्यांचा देव निजला होता. त्यांना हे कळलं तर ते नाचतील. दैवी संकेत म्हणतील. नऊ फुटांचे अकरा होतील.

आणि दगड या गावात एकाच माणसानं हलवले होते.

*

अमांडस रोमिग सत्त्याऐंशीचा होता आणि स्वयंपाकघरात बसून घेवडा सोलत होता. दाणे एका वाडग्यात, सालं दुसऱ्या वाडग्यात, आणि जगाविषयीची मतं मोकळ्या हवेत.

"बाबा, अठ्ठावन्न साली शेतातून पाण्याचा चर खणला, तेव्हा दगड कुणी उचलले?"

"मी."

"आणि परत कुणी बसवले?"

"तुझ्या आजीनं. रात्री उठून. मी बसवले, दुसरं कोण बसवणार?"

"लिंडनरच्या रांगेतले पण?"

"सगळ्या रांगांतले. चौतीस वर्षांत एक दगड चुकला नाही माझा. पाळक बदलले, पाव बदलला, दगड नाही."

लोव्हिनानं खुर्ची ओढली. "एक चुकलाय. म्हणजे दोन."

घेवड्याची शेंग म्हाताऱ्याच्या हातात तशीच राहिली.

"कोण म्हणतं?"

"बुक म्हणतं."

"बुक चुकलं असेल."

"बुक माणसं मरत होती तेव्हा लिहिलंय, बाबा."

"मग तू चुकली असशील. चष्मा कधी बदललास?"

"बाबा!"

"ओरडू नकोस. बहिरा आहे म्हणून कळत नाही असं नाही." तो पुन्हा शेंगा सोलायला लागला, रागारागानं; दाणे सालांत, सालं दाण्यांत.  आमटीत मीठ जास्त झालं तर 'मीठच खारट आहे' म्हणणारा हा माणूस. त्याच्याकडून कबुली काढणं म्हणजे ओक झाडाकडून सफरचंद मागणं. ती उठणार, एवढ्यात तो वाडग्याकडे बघत म्हणाला,

"दोन उरले होते."

ती पुन्हा बसली.

"सगळी रांग बसवून झाली, दोन उरले. अंधार नव्हता झाला, तेवढे झाले असते. पण मनोऱ्यावरून कर्णे वाजले."

एलिममध्ये कुणी गेलं की मनोऱ्यावरून पितळी कर्णे वाजतात. कुठलं भजन वाजतं त्यावरून गेलेला पुरुष, बाई की मूल, ते गावाला कळतं.

"मुलाचं वाजलं," म्हातारा म्हणाला. "केलरची पोर. चार वर्षांची. तू एवढीच... नाही, तू मोठी होतीस. मी कुदळ घेतली आणि तिकडं गेलो. ते दोन दगड कुंपणाला टेकवून ठेवले. तीन दिवस पाऊस. परत आलो तर चिखलानं माखलेले. नाव दिसेना."

"मग धुवायचे ना!"

"म्हटलं, पाऊस धुईल."

बाहेर कुणाचा तरी ट्रक गेला. म्हाताऱ्यानं वाडगा हळूच बाजूला सारला.

"पहार कुठंय?" तो म्हणाला.

"कशाला?"

"उद्या सकाळी अदलाबदल करून टाकू. तू, मी आणि पहार."

"बाबा, तुम्ही सत्त्याऐंशी वर्षांचे आहात."

"मी पहारीविषयी विचारलं. ती किती वर्षांची आहे?"

"आणि पेटीबोन? त्याला कळलं तर तो ग्रॅनाईट थेट लिंडनरच्या छातीवर ठोकेल."

"कळेल कशाला? आपण आपल्या शेतात दोन दगड सारखे करतोय. दगड बुडाला होता, वर काढला. झालं. कुणी विचारलं तर म्हणावं, दगड सपाट बसलाय का बघायला पाणसळ लावत होतो."

त्यात खोटं काहीच नव्हतं, आणि खरंही पुरतं नव्हतं. लोव्हिनाला ते कळत होतं. पण ज्येष्ठांच्या सभेत उभं राहून, पन्नास माणसांसमोर, 'माझ्या बापानं चुकवलं' असं म्हणणं तिच्या जिभेला जमणार नव्हतं. चौतीस वर्षांत या माणसाकडे दुसरी कमाई नव्हती. घर मंडळीचं, कुदळ मंडळीची. स्वतःचं असं एवढंच, की एक दगड चुकला नाही.

"साडेसहाला," ती म्हणाली. "आणि तुम्ही खुर्चीत बसायचं. हात लावायचा नाही."

"बघू," म्हातारा म्हणाला.

*

शुक्रवारी सकाळी धुकं गुडघ्यापर्यंत होतं. फळ्या, लोखंडी नळीचे तुकडे, रेतीचं पोतं, पहार. अमांडस घडीच्या खुर्चीत काठीवर हनुवटी टेकून बसला आणि बसल्या जागेवरून सैन्य चालवू लागला.

"खालून घे. खालून! दगड आहे तो, टेबलावरचं पुस्तक नव्हे."

"खालूनच घेतेय."

"मग वर का येत नाही?"

"कारण तो दगड आहे, टेबलावरचं पुस्तक नव्हे!"

लिंडनरचा दगड अखेर फुसकन आवाज करून सुटला. खालची माती काळी, गार. एक गांडूळ दचकून आत गेलं. लोव्हिनानं दगड नळ्यांवर घेतला, फळीवरून ढकलत गवताच्या पट्ट्यावर आणला आणि घाम पुसायला थांबली. आता श्नालचा उचलायचा. तेवढ्यात धुक्यातून एक किंकाळी आली.

"लिंडनर! लिंडनरला काय करताय?"

पेटीबोन. पाठीवर गिटारीची पेटी. एलिमला मुक्काम असला की रोज सकाळी न्याहारीआधी ते इथं येऊन दोन चिजा वाजवत, हे लोव्हिना साफ विसरली होती. पाळकांच्या घराचा दरवाजा उघडला आणि कूंझसुद्धा हातात कॉफीचा कप घेऊन, पायांत सपाता घालून गवतातून यायला लागले.

"मिस्टर पेटीबोन, घाबरू नका," लोव्हिना म्हणाली. "आम्ही फक्त पाणसळ..."

"मी चुकीचा ठेवला होता," अमांडस म्हणाला.

लोव्हिना वळली. म्हातारा खुर्चीतून उठून उभा होता, काठी न टेकता.

"अठ्ठावन्न साली. हे दोन दगड मी एकमेकांच्या जागी बसवले. धुवायला पाहिजे होते, धुतले नाहीत. ती काही करत नाहीये. ती माझं निस्तरतेय."

 पाळकांच्या कपातली कॉफी कलंडून सपातेवर सांडली. लोव्हिनाला त्याचा रागच आला. काल स्वयंपाकघरात 'पाणसळ म्हण' सांगणारा हाच माणूस.

पेटीबोन मटकन खाली बसले.

"उठा," लोव्हिना म्हणाली. "तिथं लोहार आहे."

ते सरकले. "म्हणजे नऊ वर्षं... मी वाजवत होतो, बोलत होतो... ते कुणासमोर?"

"याकोब श्नालसमोर. झाडू बांधायचा."

"झाडू?"

"चांगले बांधायचा," अमांडस म्हणाला. "माझी आजी सांगायची. श्नालचा झाडू सुनेपर्यंत टिकतो."

पेटीबोननी त्या रिकाम्या काळ्या मातीकडे पाहिलं, मग शेजारी, जिथून कालच गवत सोललं होतं तिकडे. आणि लोव्हिनाला ज्याची भीती होती तेच झालं. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"म्हणजे लिंडनर इथे! या रिकाम्या जागेत! आणि मी चौथऱ्यासाठी नेमकी हीच जागा... पाळकसाहेब, हा योगायोग म्हणायचा? ग्रॅनाईट बरोबर त्याच्या..."

"पुरे!"

लोव्हिनानं पहार जमिनीत अशी रोवली की धुकं हललं.

"पुरे झालं! तुम्हीच भाषणात सांगता ना, त्यानं गिटारीवर बाहेर कुठं नाव घातलं नाही? शिक्का आत, मागच्या पट्टीवर, जो उघडेल त्यालाच दिसेल असा. तुम्हीच डोळे पुसता हे सांगताना! आणि त्या माणसाच्या उरावर नऊ फूट? त्याला उभं राहायचं असतं तर फिलाडेल्फियाला गेला असता. तो इथं आला. या रांगेत यायचं त्यानं कबूल केलं, हातानं सही करून. लोहारानंतर झाडूवाला, झाडूवाल्यानंतर मी, माझ्यानंतर मास्तर. तुम्हाला त्याची गिटार कळते, हे कळत नाही?"

पेटीबोननी पाठीवरची पेटी उतरवली. 

"पंचेचाळीस वर्षं दगड चुकीचे होते," अमांडस म्हणाला, आणि आता हळूच खुर्चीत बसला. "काय बिघडलं? या दगडाखाली तो, त्या दगडाखाली हा. दोन्ही दगड सारखे. कुणाला कमी नाही, जास्त नाही. चूक होती, पण नुकसान नव्हतं. त्यांतल्या एकाला तुम्ही मोठं केलंत, तेव्हा माझ्या चुकीचं नुकसान झालं, पाहुणे."

 पेटीबोन गवतावर गिटारीची पेटी मांडीवर घेऊन बसले होते.

"अडतीस वर्षं," ते म्हणाले, आणि आवाज अगदी वेगळा होता, "माझा हात जवळ आला की माणसं मान मागे घ्यायची. सगळी. मुलं रडायची. साठाव्या वर्षी मी ही घेतली, आत त्याचा शिक्का होता, आणि शिकलो. वाईट वाजवतो. पण पहिल्यांदा वाजवली तेव्हा माझी नात पुढे सरकली. माझ्या हाताकडे. मागे नाही, पुढे." त्यांनी पेटीवर हात फिरवला. "त्याच्यासाठी काहीतरी करावंसं वाटतं. एवढंच होतं."

लोव्हिनाला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्यामुळे तिची चिडचिड आणखी वाढली. माणसाला धड रागावूही देत नाहीत.

"करायचंय ना? मग ते टोक धरा," ती म्हणाली. "श्नालचा उचलायचाय. पाठीतून नाही, गुडघ्यांतून."

त्यांनी धरलं. दंतवैद्याची बोटं, दगड धरावा कसा हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण मुळापासून सोडवायचं कसं हे ठाऊक होतं. हलकेच इकडे, हलकेच तिकडे, आणि दगड एकदम सुटला. अमांडसच्या भुवया वर गेल्या. श्नाल फळीवरून गडगडत आपल्या जागी गेला. रेती पसरली. पाणसळ ठेवली.

"डावीकडे," अमांडस म्हणाला. "तुमची डावी नव्हे हो, दगडाची!"

"दगडाला डावी असते?"

"इतकी वर्षं तुम्ही त्याच्याशी बोललात आणि तेवढं विचारलं नाहीत?"

पेटीबोन हसले. मग पाळकांकडे वळले. "मंगळवारचा तो कागद परत द्या."

"नक्की ना?" कूंझ म्हणाले. "कारण मला दोन्ही बाजूंत खूप काही..."

"पाळकसाहेब!" तिघंही एकदम ओरडले.

"आणि तुमच्या इतिवृत्तात लिहा," अमांडस म्हणाला. "चारशे सतरा, चारशे अठरा. रोमिगनं चुकवले. नाव लिहा, 'एका माजी सेवकानं' असलं काही नको."

"बाबा, एवढी काय गरज..."

"तू गप्प. तुझं नाव पुढच्या ओळीत येईल. रोमिगनं बसवले."

लोव्हिनानं तोंड फिरवून रेतीचं पोतं उगाचच झटकलं.

पेटीबोन मात्र अजून तिथंच घुटमळत होते. "एखादी लहानशी पाटी? फाटकाजवळ?"

"नाही."

"बाक?"

"नाही."

"छोटंसं फुलझाड?"

"मिस्टर पेटीबोन!" मग तिनं एक उसासा टाकला, खोल, पावसाळी ढगाएवढा. "ईस्टरच्या आदल्या शनिवारी या. बादली आणि ब्रश घेऊन. आम्ही सगळं गाव दगड घासतो तेव्हा. ज्यांचं गावात कुणी उरलं नाही त्यांचे मीच घासते."

"लिंडनरचा मी घासतो. दरवर्षी. येतोच."

"एकटा दगड मिळत नाही. रांग मिळते. अकरा जण आहेत हिच्यात."

पेटीबोननी रांगेवरून नजर फिरवली. लोहार, झाडूवाला, मग काळ्या मातीचा उघडा चौकोन, मग मास्तर, आणि पुढं धुक्यातून बाहेर येणारे बाकीचे, ज्यांची नावं इथून वाचता येत नव्हती.

"ते पुढचे कोण कोण आहेत?" त्यांनी विचारलं.

"घासाल तेव्हा कळेल. पूर्वेकडून सुरुवात करायची. पाणी गार असतं, गुडघ्याखाली पोतं घ्या." तिनं पहार उचलली. लिंडनर अजून गवताच्या पट्ट्यावर नळ्यांवर पडून वाट बघत होता, आणि ऊन चढायला लागलं होतं. "चला, धरा ते टोक."